बुडालेल्या सुट्या

नव्या वर्षाची दिनदर्शिका घरात आली की ती भिंतीवर लागण्यापूर्वीच सर्वांची बोटे तांबड्या अंकांवरून फिरू लागतात. २०२६ सालाने या मंडळींना फारसे निराश केलेले नाही. प्रजासत्ताक दिन सोमवारी, महाराष्ट्र दिन आणि गांधी जयंती शुक्रवारी. सारे शनिवार-रविवारास लागून. स्वातंत्र्यदिन तेवढा शनिवारी आला आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा उपभोगणाऱ्या राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या हिशेबी तो 'बुडाला'. १ मे रोजीच बुद्धपौर्णिमा आल्याने दोन सुट्यांची एक झाली, हीही हळहळ आहेच. २०२७ साल मात्र भलतेच कृपण निघाले: महाराष्ट्र दिन शनिवारी, स्वातंत्र्यदिन रविवारी, गांधी जयंती पुन्हा शनिवारी!

सणांचे दिवस चंद्राच्या गतीने हलतात. २०२५ साली २७ ऑगस्टला आलेले गणपती २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरवर जातात, त्याला कोणाचा इलाज नाही. राष्ट्रीय दिनांच्या तारखा मात्र इतिहासाने ठरविल्या आहेत; त्या वाराची सोय पाहत नाहीत. ब्रिटनमध्ये बँकांची सुटी शनिवार-रविवारी आली तर तिच्याऐवजी पुढचा कामाचा दिवस मोकळा देतात. तीच रीत येथे आणावी, असे कोणी सुचविल्यास आमची त्यास संमती नाही. ज्या २६ जानेवारीच्या स्मरणार्थ संविधानाच्या अंमलाचा दिवस निवडला गेला, ती १९३० सालची २६ जानेवारी रविवारच होती. त्या दिवशी गावोगाव पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेणाऱ्यांनी आपला रविवार बुडाला, असे म्हटल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. (शाळामास्तर असताना झेंडावंदनास रविवारी मुले कमी येत, हे मात्र आम्ही कबूल करतो.)

सुटी खरोखर बुडते ती निराळ्याच माणसाची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगारास वर्षाला आठ भरपगारी सुट्या दिल्या असून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस त्यांत नावानिशी घातले आहेत. त्या दिवशी काम करवून घेतल्यास दुप्पट वेतन आणि बदली रजा द्यावी, असेही त्यात आहे. पण लहान दुकाने या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि बांधकामावरच्या रोजंदार मजुराला तांबडा अंक म्हणजे बिनपगारी खाडा. त्याच्या लेखी स्वातंत्र्यदिन सोमवारी आला काय नि शनिवारी आला काय, त्या दिवसाची चूल उसनवारीवरच पेटते.

कायदा ज्यांना लागू आहे त्यांच्या पगारपत्रकांत या चार दिवसांची नोंद काय आहे, हे कामगार खात्याने आधी तपासावे. आणि ज्यांना तो लागूच नाही त्यांच्यासाठी किमान हे चार दिवस भरपगारी करण्याचा प्रश्न विधिमंडळाने हाती घ्यावा. दिनदर्शिकेत 'बुडालेल्या' शनिवारांची मोजदाद त्यानंतर केली तरी चालण्यासारखे आहे.