बागेचे धनी कोण?

शहरांतल्या एखाद्या मोठ्या बागेचें रूप पालटावयाची योजना निघाली, कीं आपल्याकडे एक ठराविक नाटक सुरू होतें. पहिल्या अंकांत वर्तमानपत्रांत एक रंगीत चित्र झळकतें. त्यांतील हिरवळ बारमाही असते, कारंजीं उडत असतात, फिरावयास आलेलीं माणसें सडसडीत व नीटनेटकीं असतात, आणि ऊन मात्र कोठेंच नसतें. दुसऱ्या अंकांत कोणी भाबडा गृहस्थ विचारतो, 'येथें आज जीं झाडें उभीं आहेत त्यांचें काय?' त्यास प्रथम सांगण्यांत येतें, कीं एकहि झाड तुटणार नाहीं. आणि कांहीं दिवसांनीं सांगण्यांत येतें, कीं जीं तुटतील त्यांच्या कितीतरी पट नवीं लावूं. हीं दोन्ही उत्तरें एकाच तोंडांतून कशीं निघतात, असें विचारणारास 'विकासाचा विरोधक' ही पदवी बहाल होते. तिसऱ्या अंकांत राजकीय पक्ष रंगभूमीवर येतात, आणि चौथा अंक बहुधा न्यायालयांत होतो. बाग ज्यांच्यासाठीं, ते मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रेक्षकांत बसलेले असतात.

हें नाटक पाहण्यास आम्हां जालनेकरांस फार दूर जावें लागत नाहीं. येथून साठ किलोमीटरांवर, छत्रपति संभाजीनगरच्या सिडको भागांत, प्रियदर्शिनी उद्यान म्हणून सुमारें १७ एकरांची बाग आहे. ह्या बागेंत बाळासाहेब ठाकरे यांचें स्मारक उभारावयाचें ठरलें, आणि त्यासाठीं हजाराच्या घरांत झाडें तोडलीं जाणार असल्याची बातमी २०१९च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाली. काळ मोठा नाजूक होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईच्या आरे वसाहतींत मेट्रोच्या कारशेडसाठीं दोन हजारांहून अधिक झाडें रातोरात पाडण्यांत आलीं होतीं. त्या तोडीविरुद्ध बोलणारा पक्षच नोव्हेंबरअखेर राज्याच्या सत्तेवर येऊन बसला होता. प्रतिपक्षास आयतें कोलीत सांपडलें. दांभिकपणाचे आरोप झाले, प्रत्यारोप झाले. महापौरांनीं झाडें तोडण्याचा इन्कार केला. मुख्यमंत्र्यांकडूनहि झाडें न तोडण्याची ग्वाही आली. आणि बागेचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला.

आतां ह्या वादांत मौज अशी, कीं त्यांत सर्वांत मोठ्यानें जो प्रश्न गाजला तो बागेविषयींचा नव्हताच. दांभिक कोण, तुम्ही कीं आम्ही, एवढाच तो प्रश्न होता. १७ एकरांच्या सार्वजनिक बागेंत एखादी इमारत, मग ती कोणाच्याहि नांवाची असो, मुळांत यावी कीं नाहीं, हा खरा प्रश्न सकाळीं तेथें फिरावयास येणाऱ्या माणसांनीं आणि वृक्षप्रेमी मंडळींनीं विचारला; पण आरडाओरडींत तो कोणास नीट ऐकूं आला नाहीं. बागेचें नांव इंदिरा गांधींचें आणि तींतील स्मारक बाळासाहेबांचें, हा योगायोग दोघांच्याहि अनुयायांनीं कसा पचविला असेल तें त्यांचें त्यांस ठाऊक. थोर पुरुषांचीं स्मारकें होऊं नयेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु स्मारकास जागा हवी म्हटली म्हणजे बाग, संग्रहालयास जागा हवी म्हटली म्हणजे बाग, खाद्यपदार्थांच्या दुकानांस, वाहनतळास जागा हवी म्हटली म्हणजे पुन्हा बागच, हा जो अलीकडे प्रघात पडला आहे, त्याचें मूळ एका समजुतींत आहे. नकाशा काढणाराच्या दृष्टीनें इमारती, रस्ते, दुकानें ही वापरलेली जागा, आणि बाग ही मोकळी जागा. कागदावर ती हिरवी रंगविलेली असली तरी त्याच्या मनांत ती पांढरीच असते.

ह्या समजुतीचा फोलपणा मराठवाड्यांतील शेतकऱ्यास समजावून सांगावा लागणार नाहीं. जालन्याची मोसंबी नांवाजलेली. तिला २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु त्याआधीं, २०१२-१३च्या अवर्षणांत, ह्याच जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कित्येकांनीं टँकरचें पाणी विकत घेऊन झाडें जगविण्याची धडपड केली. ज्यांस तें जमलें नाहीं त्यांनीं आपल्या हातानें झाडांवर कुऱ्हाड चालविली. अशा शेतकऱ्यापुढें जाऊन कोणी म्हणावें, 'एवढें काय झालें? गेलीं त्याच्या दुप्पट रोपें लाव,' तर तो काय उत्तर देईल? त्याला ठाऊक असतें, कीं रोप आणि झाड ह्यांच्या मधोमध पांच-सहा उन्हाळे असतात, आणि त्यांतील प्रत्येक उन्हाळा पाणी मागतो. त्याचें जें गेलें तें लांकूड नव्हे. तीं वर्षें होतीं. वर्षांची भरपाई रोपांनीं होत नाहीं.

आणि तरीहि आमचा कायदा नेमकी हीच भरपाई मान्य करतो. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा कायदा महाराष्ट्रांत १९७५ सालचा. २०२१ मध्यें त्यांत सुधारणा झाली, आणि पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडास 'वारसा वृक्ष' म्हणण्याची सोय झाली. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु त्याच सुधारणेनें असेंहि ठरविलें, कीं तोडलेल्या झाडाचें वय जितकें, तितकीं नवीं झाडें लावावीं. हिशोब चोख दिसतो: साठ वर्षांचा वड गेला, साठ रोपें लागलीं, खातें बंद! परंतु भर वैशाखांत दुपारीं दोन वाजतां ह्या साठ रोपांखालीं एका तरी माणसास बसवून दाखवावें. जालना जिल्ह्याचें सरासरी पाऊसमान वर्षास ७०० मिलिमीटरच्या आसपास, तेंहि लहरी. शहरांत नळास कित्येक दिवसांनीं पाणी यावें. अशा गांवीं त्या साठांतील किती रोपें तिसरा उन्हाळा पाहतील, हें सांगण्यास ज्योतिषी नको. कोंकणांत जें झाड दहा वर्षांत सावली धरतें, तें आमच्या मुरमाड जमिनींत वीस घेतें. मुंबईच्या कचेरींत बसून केलेल्या गुणाकारांत हा फरक मांडलेला नसतो.

मुंबईचें नांव निघालें आहे, तर तेथील महालक्ष्मीच्या शर्यतींच्या मैदानाचें प्रकरण पाहण्यासारखें आहे. मैदान २११ एकरांचें. तें शर्यतींच्या क्लबाकडे भाडेपट्ट्यानें होतें आणि त्या पट्ट्याची मुदत २०१३ मध्यें संपली होती. त्यांतील १२० एकर महापालिकेनें घेऊन तेथें मोठें सार्वजनिक उद्यान करावें, ९१ एकर क्लबानें ठेवावे, अशी योजना पुढें आली. जमिनीखालीं क्रीडासंकुल बांधण्याचीहि भाषा निघाली. मूठभरांच्या मैदानाचें सर्वांसाठीं उद्यान व्हावें, ही कल्पना आम्हांस वाईट वाटत नाहीं; किंबहुना ती चांगलीच आहे. परंतु ती ठरली कशी, हें पाहावें. २०२४च्या जानेवारींत ह्या प्रश्नावर रीतसर मतदान झालें. कोणाचें? क्लबाच्या सभासदांचें! त्यांनीं बहुमतानें संमति दिली. आणि ज्या शहराची ती जागा, त्या शहराच्या बाजूनें हात वर करावयास कोण होतें? महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येंच संपली होती; त्यानंतर २०२६च्या जानेवारींतील निवडणुकीपर्यंत तेथें एकहि नगरसेवक नव्हता, सर्व कारभार प्रशासकाच्या सहीनें चालला. कांहीं शें सभासदांस मत होतें, आणि सव्वा कोटीच्या शहरास नव्हतें. लोकांकडून सूचना मागविणें हा कांहीं त्याचा मोबदला नव्हे. सूचना मागणारा सूचना फेंकूनहि देऊं शकतो. मत विचारणारास तें मोजावें लागतें.

छत्रपति संभाजीनगरची गोष्ट निराळी नाहीं. तेथेंहि एप्रिल २०२० पासून २०२६च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकीय कारभार होता. जालन्यास नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली ती २०२३ मध्यें, आणि तिचीहि पहिलीं वर्षें लोकनियुक्त सभागृहावांचूनच गेलीं. ह्या काळांत नकाशे थांबले होते काय? उलट, प्रश्न विचारणारें कोणी नसलें म्हणजे नकाशे अधिक झपाट्यानें निघतात.

लोकांनीं वेळेवर बोलल्यास काय होतें, ह्याचेंहि उदाहरण आहे. मलबार टेकडीवरील जुना जलाशय पाडून नवा बांधावा, त्यासाठीं त्यावरचें फिरोजशहा मेहता उद्यान कित्येक वर्षें बंद ठेवावें, आणि ३८९ झाडें कांहीं तोडावीं, कांहीं हलवावीं, असा घाट घालण्यांत आला होता. २०२३ मध्यें तेथील रहिवाशांनीं कडाडून विरोध केला. तज्ज्ञांस पाचारण करावें लागलें. आणि जलाशय पाडण्याची गरज नाहीं, डागडुजीनें भागेल, असें मत तज्ज्ञांकडूनच पुढें आलें. म्हणजे जें अपरिहार्य म्हणून सांगितलें जात होतें, तें केवळ कोणी विचारलें नव्हतें म्हणून अपरिहार्य होतें! पुण्याच्या एम्प्रेस गार्डनची जागा सरकारी निवासस्थानांसाठीं घेण्याचा बेतहि २०२० मध्यें पुणेकरांच्या विरोधामुळें सोडून द्यावा लागला. परंतु मलबार टेकडीच्या शेजारीं मंत्री राहतात, धनिक राहतात, नामांकित वकील राहतात. आमच्या मोतीबागेच्या शेजारीं असें कोण राहतें?

योजनाकारांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो टाळून जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. जुन्या बागांची दुर्दशा असते. बांकें मोडलेलीं, दिवे फुटलेले, शौचकूपाचा दरवाजा जो एकदां निखळला तो निखळलाच. स्त्रियांनीं अंधार पडल्यावर तेथें थांबूं नये अशी स्थिति. 'अशीच ठेवावयाची काय बाग?' असें ते विचारतात. नाहीं, अशी ठेवावयाची नाहीं. परंतु मोडलेलें बांक दुरुस्त करण्यास आराखडा लागत नाहीं; सुतार लागतो. शौचकूपास दार, पिण्यास पाणी, चार दिवे, एक पहारेकरी आणि दोन माळी, एवढ्या मागण्या बागेंत येणारा माणूस वर्षानुवर्षें करीत असतो, आणि त्यांस पैसा नाहीं असें उत्तर ऐकत असतो. त्याच बागेंत संगीताच्या तालावर नाचणारें कारंजें बसवावयाचें ठरलें, कीं पैसा कोठून येतो कोण जाणे! दुरुस्तीचें उद्घाटन करतां येत नाहीं, ही तिची मोठी उणीव आहे.

आणि जे विरोध करतात त्यांसहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. बागेसाठीं निवेदनें देणारी मंडळी बहुधा सकाळीं सहाला फिरून आठाला घरीं जाणारी असते. दुपारच्या बागेची त्यांस ओळख नसते. दुपारीं तेथें रुग्णालयांतल्या आजाऱ्याचा भाऊ डबा खाऊन आडवा होतो. लोखंडाच्या कारखान्यांतला रात्रपाळीचा मजूर, ज्याच्या पत्र्याच्या खोलींत दिवसा झोंप लागणें शक्य नाहीं, तो झोंपतो. स्पर्धापरीक्षेचीं पुस्तकें घेऊन खेड्यांतून आलेलीं मुलें बसतात, कारण खोलींत पांचजण असतात. झाडावर कुऱ्हाड पडली तर निवेदनें निघतात. परंतु बाग दुपारीं बंद ठेवण्याचा नियम झाला, किंवा दहा-वीस रुपयांचें प्रवेशशुल्क बसलें, तर हेच लोक 'त्यानें शिस्त येईल' म्हणून माना डोलावतात. ज्याच्या खिशांत भाड्यापुरतेच पैसे आहेत त्याच्यासाठीं तिकिटाची खिडकी ही कुऱ्हाडीहून कमी धारदार नसते. त्याचें झाड उभें असून तोडलें गेलें.

जालन्यास मोतीतलाव आहे, आणि त्याच्या कांठीं मोतीबाग. मलिक अंबराच्या काळांत येथील अधिकारी जमशेदखान ह्यानें हा तलाव बांधविला आणि त्याचें पाणी नळांनीं गांवांत आणलें, असें जुनें गॅझेटिअर सांगतें. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राजवटींतला. २०१० नंतर त्या तलावाचा गाळ काढावयाची वेळ आली, तेव्हां जालन्याचेच लोक पुढें झाले, वर्गणी काढली, यंत्रें लावलीं. शेतकऱ्यांनीं तो गाळ आपल्या शेतांत नेला. गाळ उपसावयाचा तेव्हां लोकसहभाग हवा, आणि आराखडा काढावयाचा तेव्हां लोकांस कळतें काय, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

मोतीबागेसाठीं उद्यां असा नकाशा निघेल, त्या दिवसासाठीं आमचें मागणें आजच लिहून ठेवतों. निविदा निघण्यापूर्वीं बागेंतील प्रत्येक झाडाची, वयासकट, मोजणी व्हावी आणि ती यादी बागेच्या दारावर लागावी. नकाशाहि तेथेंच लागावा, मराठींत आणि उर्दूंत, संकेतस्थळाच्या कोपऱ्यांत नव्हे. हरकतींची सुनावणी कचेरींत सकाळीं अकराला न होतां, मजूर सुटल्यावर, संध्याकाळीं बागेंतच व्हावी, आणि तीस नगरसेवकांनीं स्वतः यावें. प्रवेशशुल्क बसवावयाचें असेल तर तें त्याच सभेंत बोलून दाखवावें, मागाहून नव्हे. आणि शौचकूपाचें दार ह्या सर्वांच्या आधीं बसवावें. त्यास सुनावणीची गरज नाहीं.