नौका मारून घर नको

आमच्या धर्मग्रामातून विलायतेस गेलेल्या एका तरुणाने यंदा घरी कळविले की, तो युद्धकाळातील एखादी जुनी लाकडी गस्ती नौका शोधीत आहे. ती विकत घेऊन, डागडुजी करून तो व त्याची पत्नी तिच्यातच संसार थाटणार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर घरभाडे त्यांना परवडेनासे झाले आहे. बातमी पोहोचताच आमच्यात दोन पक्ष पडले. वडीलधारे म्हणाले, घराला जमीन हवी, जोते हवे. पाण्यावर तरंगते ते घर कसले? नौदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा संताप निराळाच होता. जिथे तोफ उभी होती तिथे पडदे लावायचे आणि भाजीला फोडणी द्यायची, हा त्या नौकेचा अपमान होय, असे ते म्हणाले. आम्हांला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत; आणि त्या तरुणाचा बेतही जसाच्या तसा मान्य नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

जमिनीच्या अभिमान्यांना उत्तर देत बसण्याची गरज आम्हांस वाटत नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांनी हंगामातील किती तरी रात्री समुद्रावर काढल्या, त्यांनी तरी पाण्यावरच्या बिछान्यास नावे ठेवू नयेत. नौदलाच्या गृहस्थांचा आक्षेप मात्र वजनदार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, ब्रिटिश नौदलाचे रचनाकार डब्ल्यू. जे. होल्ट यांनी बंदररक्षणासाठी ७२ फूट लांबीची एक डिझेल नौका आखली. व्यापारी जहाजाच्या डेकवर चढवून ती दूरच्या बंदरात नेता यावी, असा त्यात हिशेब होता. अशा ४५०हून अधिक नौका बांधल्या गेल्या. तिची थोरली बहीण म्हणजे ११२ फुटी ‘फेअरमाइल बी’. हिचे भाग ठिकठिकाणी तयार करून जोडणीसाठी नौकाबांधणीच्या कारखान्यांत धाडले जात. एरवी खुर्च्या-कपाटे करणाऱ्या सुतारांचे हातही त्यास लागले होते. रॉयल इंडियन नेव्हीजवळही या दोन्ही जातींच्या नौका होत्या आणि १९४३ ते १९४५ या काळात तिच्या किनारी दलाने अराकानच्या खाड्यांत झुंज दिली. तेव्हा या नौकांविषयी आपल्याकडील निवृत्त नाविकास जिव्हाळा वाटावा, हे साहजिकच आहे.

परंतु त्यांनी एक गोष्ट विसरू नये. बंदररक्षक नौकेवर दहाबारा माणसे जेवत, झोपत, आजारी पडत, घरी पत्रे लिहीत. तिच्यात भटारखाना होता, झोपण्याच्या फळ्या होत्या. अशा नौकेत आज कोणी आमटी उकळली तर नवे असे काय घडले?

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढचा. युद्ध संपले आणि या नौका नौदलाला नकोशा झाल्या. कित्येक मोडल्या गेल्या, जाळल्या गेल्या. त्याच वेळी ब्रिटनमध्ये घरांची एवढी टंचाई होती की, १९४६ साली बेघर कुटुंबे रिकाम्या लष्करी छावण्यांत घुसून राहिली. अशाच अडचणीतल्या काही जणांनी लिलावातली नौका घेतली, खाडीच्या चिखलात टेकविली आणि तिच्यात लेकरे वाढविली. व्हॉस्पर कंपनीची ‘एमटीबी ७१’ ही ६० फुटी पाणतीर नौका युद्धानंतर अनेक वर्षे लोकांचे राहते घर होती. २०२१ साली गॉस्पोर्टच्या संग्रहालयात किनारी दलाचे नवे दालन उघडले, तेव्हा ती त्याचे मुख्य आकर्षण ठरली. हवाई दलाची १९३६ सालची बचावनौका ‘एचएसएल १०२’ हीदेखील डार्टमथच्या खाडीत घर होऊन पडली होती. तिचा जीर्णोद्धार होऊन १९९६ साली राजमातेच्या हस्ते ती पुन्हा पाण्यात उतरली. समारंभ झाले, फिती कापल्या गेल्या. पण मधली चाळीस-पन्नास वर्षे ती फळी न फळी कोणी सांभाळली? ज्यांना तिच्यात झोपायचे होते आणि म्हणून जिचे पाणी रोज उपसावे लागत होते, त्या बिऱ्हाडकरूंनी. त्यांची नावे दालनात लागत नाहीत. पडदे लावणाऱ्यांचा अपमान करण्यापूर्वी आमच्या मित्रांनी हा हिशेब मांडावा.

आता त्या तरुणाकडे वळू. त्याच्याशी आमचे भांडण अधिक कडक आहे, कारण पणाला लागली आहे ती त्याची पुंजी.

त्याने छायाचित्रे धाडली. नौका चिखलात रुतलेली. इंजिने केव्हाच काढून विकलेली. डेकवर खिडक्यांचे, सपाट छपराचे खासे बंगलेवजा घर उभारलेले. खालच्या अंगावर फायबरग्लासचे गुळगुळीत कवच चढविलेले. ‘राहायला तयार,’ असे विकणारा म्हणतो, आणि किंमत मोटारगाडीपेक्षा फारशी जास्त नाही!

आम्ही म्हणतो, ही नौका नव्हे, हे नौकेचे थडगे आहे. लाकडी नौकेस समुद्र कुजवीत नाही, पाऊस कुजवितो. खाऱ्या पाण्यातला किडा फळी पोखरतो हे खरे. पण कुजविणारी बुरशी वाढते ती गोड्या पाण्यावर. आपले कोळी बांधव पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी, अलीकडे प्लॅस्टिकने, शाकारतात ते उगाच नव्हे. डेकवर बंगला चढविला की जोडाजोडातून पावसाचे पाणी आत झिरपते, आतली शेगडी वरच्या फळ्या सुकवून तडकविते, आणि हवा खेळावी अशी जागा कपाटांमागे बुजून जाते. शिवाय या नौकांचे अंग दुहेरी असते. महोगनीच्या पातळ फळ्यांचे दोन थर एकमेकांस छेद देत तिरके बसवितात आणि दोहोंमध्ये तेलात भिजविलेले सुती कापड घालतात. हलके आणि बळकट, युद्धाला उत्तम! पण ते कापड एकदा पाणी पिऊ लागले की आतला थर कुजतो आणि बाहेरून रंग लखलखीत दिसतो. आतली एक फळी बदलायची तर बाहेरच्या कितीतरी फळ्या उतरवाव्या लागतात. त्यावर फायबरग्लास चढविणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. ओल आतच कोंडते.

इंजिने काढणे हे तर आम्हांला सर्वांत मोठे पातक वाटते. कित्येक टनांचा भार गेला की नौका पाण्यावर वेगळ्याच बेताने बसते. हलता येत नाही म्हणून दुरुस्तीच्या गोदीत जात नाही; गोदीत जात नाही म्हणून बूड कोणी पाहत नाही. जागामालक उठ म्हणाला तर जायचे कसे? गॉस्पोर्टची ‘मेडुसा’ ही बंदररक्षक नौका १९६५पर्यंत नौदलाच्या सेवेत चालती राहिली, आणि पुढे जाणत्या माणसांनी तिची दोन गार्डनर डिझेल इंजिने जिवंत ठेवली. तिच्यात आणि या चिखलातल्या सांगाड्यात फरक आहे तो एवढाच, पण तो सगळा फरक आहे.

नौकेत राहणे वेगळे आणि नौका पुरून तिच्यावर राहणे वेगळे. त्याने पहिले करावे; आम्ही त्याच्या बाजूने सगळ्या धर्मग्रामाशी भांडू. इंजिन असलेली, मूळ डेक शाबूत असलेली, लहान का होईना अशी नौका शोधावी. खरेदीची रक्कम ठरविताना तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी निराळी काढावी, आणि ती नसेल तर भाड्याच्या खोलीत आणखी दोन वर्षे काढावीत. आत जे बसवायचे ते स्क्रूने बसवावे, उद्या काढता येईल असे; बरगडी कापून दार करू नये. आणि कोणताही व्यवहार करण्यापूर्वी जाणत्या सर्वेक्षकाने नौका पाण्याबाहेर काढून, हातोडीने फळी न फळी वाजवून पाहिलेली असावी. विमेवाल्यांनाही बहुधा तोच दाखला लागतो.

हे सारे आम्ही त्यास कळविले. त्यावर त्याचे उत्तर आले की, विकणारा आतली तळाची फळी उचलू देत नाही. नवी फरशी खराब होईल म्हणतो. आम्ही दोनच शब्द लिहिले: ‘परत ये.’ तो त्या दिवशी परतला. गेल्या आठवड्यात त्याने दुसऱ्या एका नौकेचे छायाचित्र पाठविले आहे. रंग उडालेला, पडदे नाहीत, डेकवर ताडपत्री बांधलेली, आणि मागच्या बाजूने इंजिनाचा थोडासा धूर निघतो आहे.