हळहळीच्या पलीकडे

एखादे जुने, नावाजलेले दुकान बंद होणार अशी वार्ता आली की आपल्या नागर जीवनात एक ठरावीक शोकविधी पार पडतो. वृत्तपत्रांतून आठवणींचे लेख येतात, अखेरच्या आठवड्यात दारापुढे रांगा लागतात, सवलतीतला उरलासुरला माल घरी नेला जातो आणि कुलूप लागल्यानंतर महिन्याभरात विषय मिटतो. या हळहळीत खोटेपणा असतो असे नव्हे. परंतु ती नेमकी कशाबद्दल आहे आणि तीतून काही सार्वजनिक कर्तव्य उद्भवते की नाही, याचा विचार सहसा होत नाही. तो व्हावयास हवा.

मुंबईतील फोर्ट व काळा घोडा हा परिसर या दृष्टीने बोलका आहे. जहांगीर कलादालनात १९६४ साली सुरू झालेले ‘समोवार’ हे उपाहारगृह २०१५ साली बंद झाले. समोरच्या ‘रिदम हाऊस’ने २०१६ साली दार लावले. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर असलेले ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ २०१८ साली मिटले. अवघ्या तीन वर्षांत, हाकेच्या अंतरावरील तीन संस्था गेल्या. त्यांना संस्था म्हणावयाचे ते जाणूनबुजून. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एका छोट्याशा जागेत पुस्तकविक्री आरंभली. ग्राहकाने पुस्तक हाती घ्यावे, निवांतपणे चाळावे आणि वाटल्यास न घेताच परत जावे, ही त्यांच्या दुकानाची रीत होती. रिदम हाऊसमध्ये ध्वनिमुद्रिका विकत घेण्यापूर्वी बंदिस्त कक्षात ऐकता येई. समोवारमध्ये चहाच्या एका पेल्यावर चित्रकारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गप्पा तासन् तास चालत. खिशात पैसे नसलेल्यालाही आत यावयास संकोच वाटू नये, हा या तिन्ही स्थळांचा समान गुण. आपण मुकलो आहोत ते मुख्यतः या मुक्तद्वाराला.

तथापि, सर्व मृत्यूंचे कारण एकच मानणे ही विचारातील आळसाची खूण होय. ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि तबकडी यांची बाजारपेठच संगणकाने व इंटरनेटने नाहीशी केल्यावर रिदम हाऊस केवळ लोकांच्या प्रेमावर चालणे अशक्य होते. तंत्रज्ञानाने केलेला हा निवाडा कठोर असला तरी त्यावर अपील नाही. स्ट्रँडची गोष्ट काहीशी निराळी. शानभागांनी वीस टक्के सवलत देऊन वाचक जोडला. पुढे इंटरनेटवरील विक्रेत्यांनी त्याहूनही मोठ्या सवलती दिल्या आणि छोट्या पुस्तकविक्रेत्याचे शस्त्र त्याच्यावरच उलटले. फ्रान्सने १९८१ साली कायदा करून नव्या पुस्तकावरील सवलत पाच टक्क्यांवर रोखली. पुस्तक स्वस्त मिळावे हा वाचकाचा हक्क, की पुस्तकांचे दुकान गावात टिकावे हा समाजाचा स्वार्थ, या प्रश्नाचे उत्तर तेथील संसदेने दिले. आपण तो प्रश्न विचारलासुद्धा नाही. समोवारच्या बाबतीत तर ग्राहक कमी झाले नव्हते. वाद जागेचा होता. दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर ती जागा मूळ संस्थेकडे परत गेली.

जागा सरकारी असली म्हणजे संरक्षण मिळते, हाही भ्रमच. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या ‘अप्पू’ या गजशावकाचे नाव घेऊन १९८४ साली दिल्लीच्या प्रगती मैदानात ‘अप्पू घर’ उभे राहिले. उत्तर हिंदुस्थानातील मध्यमवर्गीय मुलांच्या एका पिढीने पाळण्यांचा थरार प्रथम अनुभवला तो तेथे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी आणि मेट्रोसाठी ती जमीन घेण्यात आली. दोन्ही प्रयोजने सार्वजनिक हिताचीच होती, यात शंका नाही. परंतु राजधानीच्या मध्यावर मुलांना खेळावयास जागा असणे हेही सार्वजनिक हित आहे, हे त्या हिशेबात कोणी धरल्याचे दिसले नाही.

मुंबईतील जुनी दुकाने व इराणी हॉटेले इतकी वर्षे टिकली, त्यामागे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचा वाटा मोठा आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. गोठविलेल्या भाड्याने त्यांना नकळत अनुदान दिले. मात्र ते दिले घरमालकाच्या खिशातून; परिणामी इमारतींची डागडुजी थांबली. म्हणजे ज्या स्थळांबद्दल आपण आज गहिवरतो, त्यांची किंमत आपण कधीच मोजली नव्हती. ती दुसराच कोणी मोजीत होता. हे अनुदान आटू लागताच जमिनीचा भाव आणि दुकानाचा गल्ला यांची सांगड बसेनाशी झाली.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा-नियमावली आली आणि तीमुळे अनेक देखण्या वास्तू वाचल्या, हे तिचे श्रेय. पण ती जपते दगड आणि कमानी. आतील वहिवाट नव्हे. रिदम हाऊसची वास्तू उभी राहिली, तरी पुढे ती नीरव मोदी यांच्या उद्योगसमूहाकडे गेली आणि २०१८ च्या बँक घोटाळ्याच्या तपासात तिच्यावर जप्ती आली. दर्शनी भाग शाबूत आणि आत काळोख, असा वारसा काय कामाचा?

अन्यत्र यावर उपाय झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरिकांनी २०१५ साली मतदानाने एक निधी मंजूर केला. तीस वर्षांहून जुन्या, परिसराच्या ओळखीला हातभार लावणाऱ्या नोंदणीकृत व्यवसायांना त्यातून साहाय्य मिळण्याची तरतूद झाली, आणि त्यांना किमान दहा वर्षांचा भाडेकरार देणाऱ्या मालकांनाही. म्हणजे बोजा एकट्या घरमालकावर न टाकता तो शहराने वाटून घेतला. पॅरिसच्या नगरप्रशासनाने एका निमसरकारी कंपनीमार्फत गाळे विकत घेऊन ते पुस्तकविक्रेत्यांना भाड्याने दिले. मुंबई, पुणे, नागपूर या महापालिकांना अशी नोंदवही ठेवणे, मालमत्ताकरात सूट देणे, पुनर्विकासात जुन्या व्यवसायाला तळमजल्यावर परवडणारी जागा राखणे, यांपैकी काहीच अशक्य नाही.

प्रत्येक जुने दुकान वाचवावे असा याचा अर्थ नव्हे. ज्याचा काळ सरला त्याला निरोपच दिला पाहिजे. मात्र काय वाचवावयाचे हे जमिनीच्या भावाने ठरवावे की नागरिकांनी, एवढाच प्रश्न आहे. तो दुकान चालू असताना विचारावयाचा असतो. कुलूप लागल्यावर वाहिलेले अश्रू कितीही खरे असले, तरी त्यांनी भाडे भरले जात नाही.