जोशी, गणक आणि नंदीबैल

भविष्य सांगणाऱ्या माणसाला मराठी भाषेने एकच नाव देऊन भागवलेले नाही. पत्रिका मांडून सांगणारा तो ज्योतिषी. त्याच शब्दाचे झिजलेले रूप म्हणजे ‘जोशी’ हे आडनाव. पहाटेच्या अंधारात दारी येणारा तो पिंगळा. हे नाव एका लहानशा घुबडाचेही आहे. कुडमुडे वाजवीत गावोगाव हिंडणारा तो कुडमुड्या जोशी. इतर प्रांतांतही हा गोतावळा पसरलेला आहे. तमिळ ‘जोसियर’ हा जोशांचाच भाऊबंद, हिंदी-उर्दूतील ‘नजूमी’ अरबी ताऱ्यांचे नाव घेऊन आलेला, तर बंगाली ‘गणत्कार’ गणना करणारा.

या नामावळीत दोन प्रकारची माणसे एकत्र नांदतात. काही नुसतेच सांगतात. काही पाहतात, मोजतात आणि मग सांगतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत ज्योतिर्विदाला ‘सांवत्सर’, म्हणजे वर्षाचा जाणकार, म्हटले आहे. या ग्रंथात ग्रहनक्षत्रांची फले आहेत, तसेच पडलेला पाऊस भांड्यात मोजण्याची रीतही आहे. फलांवर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मोजमापाचा वारसा मात्र निर्विवाद मोलाचा आहे.

हा वारसा ‘वेधशाळा’ या शब्दात टिकून आहे. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला आणि १८८६ पासून मोसमी पावसाचे दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. १९२८ मध्ये त्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या चौकाला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. वेधशाळेची थट्टा करण्याची प्रथा जुनी आहे. परंतु एप्रिलमधील तिचा अंदाज सरासरीच्या टक्केवारीत येतो आणि सोबत ‘अधिक-उणे ५ टक्के’ अशी चुकीची कबुलीही देतो. अशी कबुली कोणत्या कुडमुड्याने दिली आहे?

अर्थव्यवहारातही हेच दिसते. रिझर्व्ह बँक आपल्या पतधोरण अहवालात महागाईचे भाकीत एका रेषेने दाखवून थांबत नाही. भविष्याकडे जाताना ती रेषा पंख्यासारखी उलगडत जाते आणि ५०, ७० व ९० टक्के संभाव्यतेचे पट्टे दाखवते. काळ जितका दूरचा, तितका पंखा रुंद. आयुर्विम्याचा हप्ता ठरवणारा विमागणिती अमुक एक व्यक्ती केव्हा जाईल हे सांगत नाही. हजारोंच्या समूहात काय घडण्याचा संभव आहे, एवढेच तो मोजतो. ही सारी मंडळी खऱ्या अर्थाने गणक होत.

आता बाजारातील नवी नावे पाहावीत: सल्लागार, तज्ज्ञ, विश्लेषक. नावे भारदस्त आहेत, पण नावाने वृत्ती बदलत नाही. मोबाइलवर ‘हमखास तिप्पट’ असा निरोप धाडणारा, कोणताही पोशाख केला तरी, कुडमुड्याच. फरक इतकाच, की जुन्या कुडमुड्याची मागणी पसाभर धान्याची असे. नवा आयुष्यभराची पुंजी मागतो. गुंतवणूक सल्लागारांना ‘सेबी’कडे नोंदणी करणे २०१३ च्या विनियमांनी बंधनकारक केले आहे. नोंदणी तपासावीच, परंतु नोंदणी हा परताव्याचा शब्द नव्हे, हेही ध्यानी ठेवावे.

या खेळात तिसरे पात्रही असते. धनी प्रश्न विचारतो आणि नंदीबैल मान डोलावतो. निवृत्तीची रक्कम घेऊन आलेला ठेवीदार ‘पैसे बुडणार नाहीत ना?’ असे विचारतो, तेव्हा बाजाराशी निगडित योजना पुढे ठेवून नुसती मान हलवणे सोपे असते. विक्रीचे उद्दिष्टही त्याने साधते. त्या क्षणी ‘हे निश्चित आहे, हे अनिश्चित आहे आणि नुकसान एवढे होऊ शकते’ असे सांगणारा कर्मचारी एखादा अर्ज गमावील, ग्राहक गमावणार नाही.

भविष्य सांगणाऱ्याला ग्राहकाने दोनच प्रश्न विचारावेत: तुम्ही काय मोजले, आणि तुमचे कितपत चुकू शकते? पहिल्याला जो उत्तर देतो तो गणक. दुसऱ्याला जो मोकळेपणाने उत्तर देतो, तो विश्वासास पात्र.