दारू सोडवताय? आधी डॉक्टर गाठा
श्रावण लागला की आमच्याकडे दारू सोडायच्या शपथा सुरू होतात. चांगलंच आहे. पण सकाळी हात थरथरतात म्हणून क्वार्टर लावणाऱ्याची बाटली एका दिवसात बंद केली, तर पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात. पुढच्या दोन दिवसांत घाम, ताप, बडबड, भिंतीवर किडे दिसणं. मग घरचे म्हणतात, बाहेरचं झालं! खोलीत कोंडतात, नाहीतर भगताकडे नेतात. बातमीच्या निमित्ताने मी अशी घरं पाहिलीत. अहो, हे डेलिरियम ट्रेमेन्स, यात जीव जाऊ शकतो. यावर औषधं आहेत, बी-१ ची इंजेक्शनं आहेत. १०८ लावा, सिव्हिलला न्या. आणि रोज किती पितो ते डॉक्टरला खरं सांगा. आपण तिथंही ‘कधीमधी घेतो’ म्हणतो.