गोबरगॅसचें त्रैराशिक

गोबरगॅसचें संयंत्र बंद पडलें, कीं आपण कारागिरास, टांकीस अगर सरकारी योजनेस दोष देऊन मोकळे होतों. त्यांचा दोष असेलही. परंतु पुष्कळ ठिकाणीं खरा दोष आपल्या बेहिशेबीपणाचा असतो, असें आमचें मत आहे.

टांकी हा एक गोठाच होय. त्यांत मुख्यतः दोन प्रकारचे सूक्ष्म जंतू नांदतात. पहिले शेणापासून आम्लें बनवितात; त्यांची वाढ झपाट्यानें होते. दुसरे त्या आम्लांपासून जळाऊ मिथेन वायु करितात. त्यांची वाढ मंद असते. दोहोंचा मेळ बिघडला, कीं टांकी आंबते व शेगडी विझते.

या वाढीस नियम आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांनीं तो १९४२ सालच्या आपल्या प्रबंधांत समीकरणरूपानें मांडिला. खाद्य थोडें असतां तें वाढवावें तसा जंतूंच्या वाढीचा वेग वाढतो. परंतु एका मर्यादेपलीकडे कितीही खाद्य घातलें तरी तो वाढत नाहीं. त्यास दुसरा साधा हिशेब जोडावा : टांकींतील जितका हिस्सा रोज बाहेर पडतो, निदान तितक्या हिश्शानें जंतू रोज वाढले पाहिजेत, नाहींतर ते वाहून जातील.

उदाहरण घेऊं. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारें ५० किलो शेण व तितकेंच पाणी, म्हणजे अजमासें १०० लिटर शेणकाला लागतो. टांकींत ४,००० लिटर मावत असेल, तर तो ४० दिवस आंत राहील. हिंवाळ्यांत ज्वाला मंदावली म्हणून कोणी रोज २०० लिटर ओतूं लागला, तर मुक्काम २० दिवसांवर येईल. थंडीनें आधींच मंदावलेल्या जंतूंस तेवढा अवधि पुरेलच असें नाहीं. भुकेला समजून ज्यास वाढलें, त्याला खरें तर अजीर्ण झालें होतें!

मोठ्या कारखान्यांत हीच समीकरणें संगणकास देऊन खाद्य व उष्णता यांचें नियंत्रण करितात. आपणांस एवढा खटाटोप नको. एक वही, एक मापाची बादली व सामू पाहण्याचा कागद पुरे. सामू ७ च्या आसपास असावा; तो घसरूं लागतांच भरणा वाढवूं नये, उलट कांहीं दिवस थांबवावा.

समीकरण म्हणजे टांकी नव्हे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. शेण, पाणी व हवा गांवोगांव निराळीं. म्हणूनच प्रत्येकानें आपल्याच टांकीची रोजची नोंद ठेविली पाहिजे. दुधाचें माप चोख घेणारा व पाण्याची पाळी न चुकविणारा शेतकरी एवढें गणित सहज करील. आमच्या संघानें सभासदांस अशी वही व कागद पुरवावे आणि महिन्याकांठीं नोंदी तपासणारा एक जाणता नेमावा. नव्या टांकीस पैसा घालण्यापूर्वीं जुनीचा हिशेब लागला पाहिजे.