शून्य धावांचा हिशेब

पांढरकवडा म्हटले की कापूस, कर्ज आणि २०१८ साली मारली गेलेली वाघीण आठवते. याच गावच्या अक्षय कर्णेवारचे नाव मात्र क्रिकेटच्या विक्रमांत आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी विदर्भाकडून मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली. चारही निर्धाव, वर दोन बळी! टी-ट्वेंटीत हे पूर्वी कुणाला जमले नव्हते. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध हॅटट्रिक!

समोरचे संघ नवखे होते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मी त्या शून्यापेक्षा २०१९च्या इराणी करंडकातील त्याच्या १०२ धावांना अधिक मोल देतो. समोर अजिंक्य रहाणेचा शेष भारत संघ होता. त्या शतकाच्या बळावर विदर्भाने पहिल्या डावात ९५ धावांची आघाडी घेतली आणि सामना अनिर्णित राहूनही करंडक विदर्भाकडेच राहिला.

अक्षय ओळखला गेला तो दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा म्हणून. हात बदलताना पंचांना सांगावे लागते, एवढीच नियमाची अट. पण आकडे जमायला आधी संधी मिळावी लागते. तालुक्याच्या मैदानावर धडपडणाऱ्या आपल्या पोरांना ती मिळते का, हे आपणच विचारायला हवे. विक्रमाचे कौतुक एका दिवसाचे. मैदान रोज लागते.